युद्धकाळातले इंग्लंड आणि साथींवरची पाळत

सप्टेंबर १९३९च्या पहिल्या तीन दिवसांत ब्रिटनच्या शहरांतून सुमारे १५ लाख माणसे सुरक्षित गावांकडे हलवली गेली. त्यांत मुलेच अधिक होती. पुढच्या वर्षी बॉम्बवर्षाव सुरू झाला आणि हजारो लंडनवासी भुयारी रेल्वेच्या फलाटांवर रात्री काढू लागले. एवढ्या दाटीवाटीत मोठी साथ उसळणार, ही धास्ती रास्त होती. १९४०मध्ये मेंदूज्वराने डोके वर काढलेही, पण सल्फा औषधांनी अनेकांना वाचवले. ज्या महासाथीची भीती होती, ती मात्र आली नाही.

यामागे बरीच शांत मेहनत होती. संसर्गजन्य रोगांची नोंद आरोग्य अधिकाऱ्याकडे करण्याचा डॉक्टरांचा शिरस्ता पन्नास वर्षांचा होता. १९३९मध्ये त्याला आणीबाणीच्या प्रयोगशाळांची जोड मिळाली. ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या गावांत नमुने तपासले जाऊ लागले, त्यामुळे संशयित रोग्याचे निदान लवकर होई आणि संसर्गाचा माग काढता येई. युद्धानंतरही हे जाळे कायम ठेवण्यात आले.

खरजेचा उलगडा शेफील्डमध्ये झाला. केनेथ मेलनबी यांच्या प्रयोगांसाठी युद्धात लढायला नकार देणारे तरुण स्वेच्छेने पुढे आले. खरूज झालेल्या सैनिकांची न धुतलेली अंतर्वस्त्रे त्यांनी घातली, त्यांच्या घोंगड्यांत ते झोपले, तरी लागण क्वचितच झाली. खरूज पसरते ती मुख्यतः अंगाला अंग लागून, हे सिद्ध झाले. मग घोंगड्या भट्टीत तापवण्यापेक्षा घरातल्या सगळ्यांवर एकदम उपचार करण्याकडे लक्ष वळले.

सर्वांत मोठे यश घटसर्पाविरुद्ध मिळाले. युद्धापूर्वी इंग्लंड-वेल्समध्ये हा रोग दरवर्षी सुमारे ३ हजार बळी घेई, त्यांत बहुतेक मुले. १९४०च्या अखेरीपासून सरकारने लस मोफत पुरवली. सक्ती केली नाही. भित्तिपत्रके, रेडिओ आणि शाळांमधून आईवडिलांचे मन वळवले. १९४५पर्यंत मृत्यूंची संख्या हजाराखाली आली.

हा इतिहास वाचताना अभिमानाइतकीच हळहळही वाटते. कॅनडातल्या टोरांटोने हीच लस युद्धाच्या कितीतरी आधी मुलांपर्यंत पोहोचवली होती. इंग्लंडकडे लस होती, डॉक्टर होते, नोंदवह्याही होत्या. तीसच्या दशकात घटसर्पाने नेलेली हजारो मुले वाचवण्यासाठी युद्धाची वाट पाहण्याचे काहीच कारण नव्हते.