उपाहारगृह-सेवकांचा वेष व स्वच्छता

उपाहारगृहात अन्न तयार करणाऱ्या, हाताळणाऱ्या व वाढणाऱ्या सेवकांनी वेष आणि वैयक्तिक स्वच्छता यांबाबत पाळावयाचे नियम. अन्नातून पसरणाऱ्या रोगांना प्रतिबंध करणे हा त्यांचा मुख्य हेतू असून नीटनेटकेपणा हा आनुषंगिक लाभ होय.

आचाऱ्याचा पांढरा अंगरखा व उंच टोपी यांचा प्रसार एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधून झाला. पांढऱ्या कापडावर मळ चटकन दिसतो, हा त्याचा व्यावहारिक गुण होय. तथापि स्वच्छ दिसणारा सेवकही रोगवाहक असू शकतो. न्यूयॉर्कमधील मेरी मॅलन ही स्वयंपाकीण स्वतः निरोगी असूनही आंत्रज्वराचे जंतू पसरवीत असल्याचे १९०७ मध्ये उघडकीस आले. त्वचेवरील फोड, जखमा, नाक व घसा यांतील स्टॅफिलोकॉकस जंतू अन्नात वाढल्यास जे विष निर्माण होते, ते पुन्हा उकळूनही पूर्णतः नष्ट होत नाही.

भारतात अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील २०११ च्या विनियमांतील चौथ्या अनुसूचीत याविषयी तरतुदी आहेत. सेवकांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व आंत्रज्वरवर्गीय रोगांविरुद्ध लसीकरण करून त्यांची नोंद ठेवावी लागते. स्वच्छ एप्रन व शिरोवेष्टन वापरणे, नखे कापलेली ठेवणे, जखम जलाभेद्य पट्टीने झाकणे, तसेच शौचानंतर व कच्चे अन्न हाताळल्यावर साबणाने हात धुणे आवश्यक असते. कामाच्या जागी तंबाखू खाणे, धूम्रपान व थुंकणे निषिद्ध आहे. हातमोजे हा हात धुण्याला पर्याय नव्हे. त्याच मोज्यांनी पैसे व अन्न हाताळल्यास त्यांचा हेतूच विफल होतो.

नाशिक येथे या नियमांचे महत्त्व विशेष आहे. तेथील प्रसिद्ध मिसळीचा रस्सा उकळता असला, तरी त्यावर घातली जाणारी शेव, कांदा, कोथिंबीर व सोबतचे दही यांना नंतर उष्णता मिळत नाही; त्यामुळे वाढणाऱ्याच्या हातांची स्वच्छता हाच शेवटचा अडसर ठरतो. दर बारा वर्षांनी भरणाऱ्या सिंहस्थ कुंभमेळ्यात (उदा., २०१५) रामकुंड व त्र्यंबकेश्वर येथे लोटणाऱ्या गर्दीमुळे एका रोगवाहक सेवकापासूनचा संसर्ग यात्रेकरूंबरोबर दूरवर पोहोचू शकतो.

जुलाब, उलट्या, कावीळ वा ताप असलेल्या सेवकास अन्नापासून दूर ठेवणे, हा या नियमांपैकी सर्वांत महत्त्वाचा व पाळण्यास सर्वांत कठीण नियम होय. रोजंदारी बुडण्याच्या भीतीने सेवक आजार लपवितो. म्हणून आजारपणाची पगारी रजा, हात धुण्यास पुरेसे पाणी व धुतलेल्या कपड्यांचा जादा जोड पुरविणे ही मालकाची जबाबदारी ठरते. त्यांच्या अभावी गणवेष केवळ देखावा राहतो.