दाण्यातच लोह

जैवसंपृक्त वाण : दाण्यातच लोह, जस्त किंवा अ-जीवनसत्त्व वाढावे म्हणून पैदास केलेले वाण. ‘फोर्टिफाइड’ तांदूळ वेगळा. त्यात पोषकद्रव्ये कापणीनंतर, गिरणीत येतात. आयोडीनयुक्त मीठही त्याच पंगतीतले.

धनशक्ती : भारतातला पहिला लोहसमृद्ध बाजरी वाण. विकास : इक्रिसॅट ही संशोधन संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ. महाराष्ट्रात प्रसारित २०१२ मध्ये.
- किलोमागे लोह सुमारे ७१ मिलिग्रॅम, जस्त ४०.
- संकरित नव्हे, सुधारित वाण. म्हणजे घरचे बियाणे पुन्हा पेरता येते.
- २०१८ पासून देशात नव्या बाजरी वाणांना किमान अट : किलोमागे लोह ४२, जस्त ३२ मिलिग्रॅम.

सोनेरी तांदूळ : जैवसंपृक्तच, पण जनुकबदल केलेला. अ-जीवनसत्त्व देणाऱ्या बीटा-कॅरोटिनमुळे दाणा पिवळा (नाव मात्र सोनेरी). फिलिपिन्समध्ये लागवडीला मंजुरी २०२१ मध्ये मिळाली होती; २०२४ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली.