शंभर ग्रेनचं टोक

डिसेंबरच्या सुट्टीत माझा आतेभाऊ विस्कॉन्सिनहून जुईनगरला आमच्याकडे आला. बॅगेतून नेहमीप्रमाणे बदाम, चॉकलेटं आणि व्हिटॅमिनच्या बाटल्या निघाल्या आणि सगळ्यात शेवटी एक पाकीट निघालं, ते त्याने मोठ्या ऐटीत माझ्या लेकीपुढे धरलं. "हे तुझं. शंभर ग्रेन, तीन पीस." लेक तीन वर्षं धनुर्विद्या शिकते आहे हे त्याला फोनवरून माहीत होतं. तिकडे तो स्वतः सप्टेंबरपासून धनुष्य घेऊन हरणांच्या मागे असतो, तेव्हा भाचीला काय न्यायचं हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता.

लेकीने पाकीट उघडलं आणि एक टोक उचलून परत ठेवलं. "मामा, याला तर धार आहे."

धार कसली, वस्तराच होता तो. मधे पोलादी दांडी, तिच्याभोवती तीन त्रिकोणी पाती, प्रत्येक पातं बारीक खाचेत अडकवलेलं, मागे आटे. मी तुर्भ्याच्या एमआयडीसीत क्वालिटी खात्यात आहे, त्यामुळे वस्तू हातात आली की आधी व्हर्नियर आठवतो. पात्यांची एकूण रुंदी साधारण सव्वा इंच भरली. तिकडच्या बऱ्याच राज्यांत शिकारीच्या टोकाची किमान रुंदी ठरवून दिलेली आहे, सुमारे 22 मिलिमीटर. त्याहून अरुंद टोक शिकारीला वापरणं हाच गुन्हा धरतात. मला हा नियम आवडला. मापात बसत नसेल तर माल पुढे जाणार नाही, हे आमच्याच धंद्यातलं बोलणं.

"बंदुकीची गोळी धक्क्याने मारते," भाऊ सांगू लागला, "बाणात तेवढा धक्का नसतो. तो कापतो. पुढच्या पायामागून दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेला पाहिजे. मग झाडावरच्या मचाणावर अर्धा तास गप्प बसायचं. लगेच मागे धावलं तर जनावर घाबरून लांब पळतं." सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी मिक्सर सुरू केला, तो गरजेपेक्षा जरा जास्त वेळ चालला.

पण निवडीबद्दल तो जे बोलला ते ऐकण्यासारखं होतं. टोकांच्या मुख्य दोन जाती. एकीची पाती कायम उघडी, घट्ट बसवलेली. दुसरीची मिटलेली असतात आणि आदळल्यावर छत्रीसारखी उघडतात. मिटलेलं टोक हवेत साध्या बाणासारखं सरळ जातं, म्हणून नवशिक्यांना भुरळ पडते. मात्र ती पाती उघडण्यात बाणाचा थोडा जोर खर्ची पडतो. धनुष्य साठ पौंडांचं असेल तर हे परवडतं; चाळीस पौंडांच्या धनुष्यावर मिटलेलं टोक लावणं म्हणजे आधीच कमी असलेला जोर वाटेत उधळणं. तिथे दोन पात्यांचं, टोकापासूनच कापत जाणारं घट्ट टोक बरं. एल्क हे तिकडचं आपल्या सांबराच्या तोडीचं मोठं हरीण. त्याच्यासाठी जड बाण आणि जाड पातं, कारण बरगडीवर किंवा खांद्याच्या हाडावर लागलं तर पातळ पातं वाकतं.

उघड्या पात्यांची अडचण वेगळीच. बाणाला मागे पिसारा असतो, तो बाणाला सुकाणूसारखा सरळ ठेवतो. पुढे रुंद पाती बसवली की पुढेही एक छोटा पिसारा तयार होतो आणि दोघांचं भांडण लागतं. धनुष्य जरा जरी बिनसलेलं असेल तर साध्या टोकाचा बाण ते झाकून घेतो, पात्याचा बाण मात्र चव्हाट्यावर आणतो. म्हणून भाऊ सरावही त्याच टोकांवर करतो. शंभर ग्रेनच्या साध्या टोकावर सराव केला आणि हंगामात शंभर ग्रेनचं पातं लावलं तर वजन तेच, पण बाण तिथेच जाईल याची खात्री नाही.

इकडे लेकीने एव्हाना एक टोक आपल्या बाणात बसतं का ते बघून घेतलं होतं. बसत नव्हतं. आटे बाणाच्या भोकापेक्षा जाड. तिचे बाण कार्बनचे, पेन्सिलीहून बारीक. त्यांत टोक आट्याने फिरवायचं नसतं, लांब शेपटाचं टोक आत सरकवून चिकटवायचं असतं. एका अर्थी बरंच झालं. असलं टोक तिने मैदानावर नेलं असतं तर सरांनी दारातूनच परत पाठवलं असतं. स्पर्धेच्या धनुर्विद्येत पात्याचं टोक चालत नाही, आणि निशाण लावायच्या फोमच्या बट्रेसमध्ये ते घुसलं तर बाहेर येताना अर्धा बट्रेस घेऊन येतं.

आणि आपल्याकडे शिकारीचा प्रश्न 1972 सालीच बहुतांशी निकालात निघाला. वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या आहे, तीत बंदुकीच्या जोडीने धनुष्यबाण, सुरे, जाळी, विष, फासे सगळे आहेत. सुरुवातीला काही प्राण्यांसाठी परवाने मिळायचे, 1991 च्या दुरुस्तीने तेही गेले. मुख्य वन्यजीव रक्षकाच्या हुकमाने अपवाद होतो, तो वेगळा. तेव्हा रुंद पात्याची निवड हा विषय आपल्यापुरता पुस्तकातला. पुस्तकात मात्र तो भरपूर आहे. धनुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत टोकांची नावंच बघा: अर्धचंद्र, सूचीमुख, वासराच्या दातासारखं ते वत्सदंत, कावळ्याच्या चोचीसारखं ते काकतुंड, वस्तऱ्यासारखं ते क्षुरप्र. आणि भल्ल, ज्याच्यावरून आपला भाला आला. कुठल्या कामाला कुठलं टोक, हा विचार तेव्हाही लोक करतच होते. भिल्लांच्या तीरकामठ्यातही पाखरांसाठी बोथट टोकाचा बाण वेगळा असतो. पाखराला चिरायचं नसतं, पाडायचं असतं.

आमच्या घरातलं काम या सगळ्याच्या उलट दिशेचं. लेकीच्या टोकाने जेमतेम घुसायचं, सरळ राहायचं आणि ओढल्यावर अख्खं बाहेर यायचं. दिवसाला शंभर-दीडशे वेळा. गेल्या वर्षी ती 18 मीटरवरून 60 मीटरवर गेली आणि जुने बाण पुरेनात. नवे शाफ्ट आणले, आणि मग टोकं कुठली हा घोळ सुरू झाला. दुकानदार म्हणाला 80 ग्रेन घ्या, बाण जोरात जाईल. वर्गातल्या कुणाचे तरी बाबा म्हणाले 120 घ्या, वाऱ्यात हलणार नाही. दोघांचंही बरोबर होतं, पण त्याने माझं काम काही सोपं झालं नाही.

ग्रेन हे माप मला आधी परकं वाटलं. मग कळलं की आपला तोळा म्हणजे बरोबर 180 ग्रेन. म्हणजे 100 ग्रेनचं टोक अर्ध्या तोळ्याहून थोडं जास्त, आणि दोन ग्रेनचा फरक म्हणजे जवळपास एक गुंज. सोनाराकडे एका गुंजेसाठी आपण मान पुढे काढून काट्याकडे बघतो, तसाच मी खिशातला डिजिटल काटा घेऊन बारा टोकं तोलली. पाकिटावर सगळी 100. काट्यावर 98.7 पासून 101.1 पर्यंत. माझ्यातली क्वालिटीवाली लगेच उठून बसली, टोकांचे तीन ढीग झाले, कागदावर तक्ता झाला. सरांनी तक्ता बघितला आणि म्हणाले, "मॅडम, साठ मीटरवर हिचा गट अजून ताटाएवढा पडतो. एका ग्रेनचा फरक तिला दिसणार नाही. टोक सरळ बसलंय का ते बघा." ते ऐकून मला जरा लागलं. पण बरोबर होतं.

सरळ बसलंय का हे बघण्याची रीत भाऊ आणि सर, दोघांची एकच निघाली. बाण टोकावर उभा करायचा आणि भिंगरीसारखा फिरवायचा. डिसेंबरच्या त्या दुपारी जेवणाच्या टेबलावर लेकीने मामाला आपले बाण एकेक करून फिरवून दाखवले. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या नखावर टोक, उजव्या हाताची चिमटी वर, एक झटका. चांगला बाण नखावर नुसता गुळगुळीत फिरतो, फिरतोय हे पिसाऱ्यावरूनच कळतं. सातवा बाण मात्र नखावर कुरकुरला. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, पण नखाला जाणवत होतं. तो बाण तिने बाजूला ठेवला. भाऊ म्हणाला, "माझ्या ग्रुपमधले निम्मे लोक हे करत नाहीत," आणि त्याने तिच्याकडे आदराने बघितलं.

वजन शेवटी ठरलं ते मैदानावर. तीनही वजनांची टोकं दोन-दोन बाणांना लावली, एकावर पिसारा, एकावर काहीच नाही. बिनपिसाऱ्याचा बाण चुका लपवत नाही. दोरी सुटताना बाण मागून ढकलला जातो, पुढचं वजन जागचं हलायला तयार नसतं, मधल्या मधे शाफ्ट वाकतो. टोक जितकं जड तितका शाफ्ट जास्त वाकतो. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बिनपिसाऱ्याचा बाण डावीकडे पडला तर शाफ्ट फार ताठ, उजवीकडे पडला तर फार नरम. 80 ग्रेनचा बाण वीतभर डावीकडे गेला. 120 चा उजवीकडे, आणि शिवाय साठ मीटरवर तो इतका खाली यायला लागला की साइट तळाला टेकली, पुढे सरकायला जागाच नाही. 100 चा पिसारेवाल्यापासून चार बोटांवर. दुकानदार आणि ते बाबा, दोघांच्या मधोमध.

घरी येऊन मी तो बाण सुरीच्या पाठीवर तोलला. 28 इंची बाणाचा मध्य 14 वर, तोल मात्र खाचेपासून 18 इंचावर लागला. मध्यापासून चार इंच पुढे म्हणजे लांबीच्या साधारण 14 टक्के. कार्बनच्या बाणाला 11 ते 16 चालतं असं सांगतात, तेव्हा आमचं पास झालं.

चिकटवण्याचं काम मात्र माझ्याकडून एकदा बिघडलं होतं. निळ्या कांडीचा गरम डिंक असतो, तो वितळवून टोकाच्या शेपटाला लावायचा आणि फिरवत आत सरकवायचं. पहिल्या खेपेला जुनं टोक काढताना मी शाफ्टच गॅसवर धरला. लोखंड तापतं, कार्बन जळतो, हे कळायला पाच सेकंद पुरली. वास आला, शाफ्ट हाताला खडबडीत लागला. असा बाण ओढला तर सुटताना फुटून हातात घुसू शकतो, म्हणून तो तिथेच दोन तुकडे करून टाकला. आता टोक काढायचं तर उकळत्या पाण्यात फक्त टोक बुडवते आणि पकडीने ओढते. सासूबाईंनी त्यासाठी एक जुनं भांडं दिलं आहे, चहाच्या भांड्याला हात लावायचा नाही या अटीवर.

आणखी एक गोष्ट पुस्तकात सापडली नाही, खाडीने शिकवली. साध्या पोलादाची टोकं पावसाळ्यात इथे महिन्याभरात तांबूस होतात. गंजलेलं टोक फोम धरून ठेवतं, मग पोरं बाण हिसकतात आणि शाफ्ट बिघडवतात. स्टेनलेसची टोकं थोडी महाग पडतात. जुईनगरात राहणाऱ्याने तो विचार करू नये.

बर्लिनला 2023 च्या जागतिक धनुर्विद्या स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत 15 पैकी 15 बाण दहाच्या वर्तुळात मारले, 150 पैकी 150. साताऱ्याच्या अदिती स्वामीने सतराव्या वर्षी त्याच मैदानावर 149 मारून जगज्जेतेपद घेतलं. ते वर्तुळ 50 मीटरवर 8 सेंटिमीटरचं असतं, पाणीपुरीच्या पुरीपेक्षा जरा मोठं. लेकीने हे मामाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हरणाच्या फुप्फुसाची जागा याच्या तिप्पट असते गं." मग थोडा वेळ काहीच बोलला नाही. खिडकीतून कारशेडकडे चाललेली रिकामी लोकल दिसत होती, तिकडे बघत बसला.

भावाने आणलेली ती तीन टोकं श्रीखंडाच्या डब्यात घालून मी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आहेत, डब्याला चिकटपट्टी मारून. लेकीच्या भात्यात 100 ग्रेनचे अकरा बाण आहेत, बारावा मैदानाच्या गवतात कुठेतरी आहे.

पोरासाठी नवे बाण घेणार असाल तर एक सांगते: शाफ्ट आधीच कापून घेऊ नका, पूर्ण लांबीचे आणा आणि तीन वजनांची टोकं दोन-दोन मागून घ्या. टोक गरम पाण्यातून केव्हाही निघतं. कापलेला शाफ्ट परत लांब होत नाही.