पुंजणे जळाले, गाव जळू नये



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भंडारा जिल्ह्यातील एका गावी जळालेल्या पुंजण्याच्या पाहणीसाठी मी गेलो होतो. चार बांध्यांचे धान एका रात्रीत राख झाले होते. घरची माउली राखेजवळ बसून होती. पाहणी संपायच्या आतच पारावर तरुण मंडळी जमली. आग लावताना कोणी कोणाला पाहिले नव्हते. पण धुऱ्याच्या जुन्या वादामुळे एका शेजाऱ्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते. "पुरावा कशाला पाहिजे, साहेब? चार रट्टे दिले की कबूल होईल," एक जण म्हणाला.

तेव्हा मी त्यांना फ्रान्सची गोष्ट सांगितली. तीच आज आपल्याला सांगतो.

भुकेतून उठलेली क्रांती

१३ जुलै १७८८ रोजी फ्रान्समध्ये मोठी गारपीट झाली. उभी पिके झोपली, पुढच्या वर्षी पाव महागला. शेतकऱ्याच्या डोक्यावर जमीनदाराचे देणे, चर्चचा दशमांश आणि राजाचा कर असे तिहेरी ओझे होते. १७८९ साली लोक उठले. जुलै १७९३ च्या कायद्याने जमीनदारांचे उरलेसुरले हक्क मोबदल्याशिवाय रद्द झाले. हे क्रांतीचे मोठे पुण्य होय.

पण जानेवारी १७९३ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला होता. सीमेवर शत्रू होता, घरात टंचाई होती. सप्टेंबरात दहशतीचे पर्व सुरू झाले. संशयितांचा कायदा आला. बोलण्यावरून, वागण्यावरून, ओळखीपाळखीवरून माणसे तुरुंगात जाऊ लागली. धान्याचे कमाल भाव बांधले. परवडेना म्हणून शेतकरी धान्य दडवू लागला, तेव्हा झडतीला हत्यारबंद तुकड्या गावात आल्या. जून १७९४ च्या कायद्याने तर आरोपीचा वकीलही काढून घेतला. निकाल दोनच: सुटका किंवा मृत्यू. त्यानंतरच्या सात आठवड्यांत एकट्या पॅरिसमध्ये तेराशेहून अधिक मुंडकी उडाली.

मंडळी, या पर्वात देशभर सुमारे १७ हजार लोकांना रीतसर मृत्युदंड झाला. ते सगळे सरदार-दरकदार होते असे आपल्याला वाटेल. तसे नव्हते. शंभरात सरदार घराण्यांतले आठ-नऊच. शेतकरी मात्र सुमारे २८ आणि कारागीर-मजूर ३१. ज्यांच्यासाठी क्रांती झाली, तेच अधिक मेले. ते न्यायालय उभारण्याचा आग्रह धरणारे दांतों एप्रिल १७९४ मध्ये त्याच न्यायालयाच्या हुकमाने गेले आणि २८ जुलैला दहशतीचे पुढारी रोबेस्पिएरही. संशयाची सुरी धरणाऱ्याचा हात ओळखत नाही.

आपल्याकडचे प्रतिसरकार

"मग लोकांनी न्याय करूच नये काय?" एका मुलाने विचारले. प्रश्न रास्त होता. आपल्या महाराष्ट्रात तसे घडलेही आहे. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले. त्याची तुफान सेना होती, गावोगावी न्यायमंडळे होती. दरोडेखोर, इंग्रजांचे खबरे आणि पिळवणूक करणारे सावकार यांना शिक्षा होई. तळपायांवर फटके बसत, म्हणून 'पत्री सरकार' हे नाव पडले. ती शिक्षा कठोर होती. तिचे गोडवे मी गाणार नाही. पण जमिनीचे, कर्जाचे पुष्कळ तंटे तेथे गावासमोर, दोन्ही बाजू ऐकून मिटत. पंचांना उद्या त्याच गावात तोंड दाखवायचे असे. पॅरिसच्या न्यायालयाला ही लाज उरली नव्हती.

आज तर आपलेच राज्य आहे. ठाणे आहे, कोर्ट आहे. उशीर लागतो, हे मी जाणतो. पण उशिरा मिळालेला न्याय दुरुस्त करता येतो, मोडलेली कंबर नाही.

त्या दिवशी पोलीस पाटलांनी रीतसर खबर दिली. आग कशी लागली ते अखेरपर्यंत कळले नाही. घरोघरून त्या कुटुंबासाठी पायलीपायलीने धान जमले. संध्याकाळी तो शेजारीही एक पोते घेऊन आला. माउली काही बोलली नाही. पोते कोठे ठेवायचे, तेवढे बोटाने दाखवले.

तेव्हा मंडळी, कापणीनंतर पुंजणी एकमेकांपासून दूर आणि विजेच्या तारांखाली येणार नाहीत अशी लावा. भोवतालचे गवत काढा. दुर्दैवाने आग लागलीच, तर तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या आणि ठाण्यात खबर द्या. नाव मात्र पाहिल्याशिवाय कोणाचेही घेऊ नका.