ठोक्यावरचा उतारा : ऑक्टेन बूस्टरची शंभर वर्षं

ऑक्टेन बूस्टर जन्माला आला तोच हाताने मिसळायची वस्तू म्हणून. २ फेब्रुवारी १९२३ रोजी अमेरिकेत, ओहायोतल्या डेटन शहरात एका पंपावर शिसंयुक्त ‘एथिल’ पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. ते तयार होऊन टँकरमधून आलेलं नव्हतं. पंपावर एक उपकरण लावलेलं असे. गिऱ्हाइकाने मागितलं की तिथल्या तिथे पेट्रोलमध्ये शिशाचा विषारी द्रव सोडला जाई. आज कुणी गॅरेजमध्ये टोल्युईनचा, म्हणजे रंगाच्या दुकानातल्या द्रावकाचा, कॅन उघडून बसतो तेव्हा आपण काही तरी बंडखोर करतोय असं त्याला वाटतं. खरं तर तो शंभर वर्षांपूर्वीच्या पंपवाल्याचंच काम करत असतो.

रोग कोणता, हे आधी पाहू. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली की ज्वाला एका बाजूने पसरत जायला हवी. पण दाब आणि उष्णता फार वाढली तर ज्वाला पोचायच्या आतच उरलेलं मिश्रण आपोआप एकदम पेटतं. मग तो धातूवर खडे आपटल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक त्याला नॉकिंग, म्हणजे ठोका, म्हणतात आणि ‘ठिणगीचं टायमिंग मागे घ्या’ असं सांगतात. दुर्लक्ष केलं तर हेड गॅस्केट उडतं, पिस्टनला भोक पडतं. ऑक्टेन म्हणजे या आपोआप पेटण्याला इंधन किती विरोध करतं त्याचा आकडा. ती ताकद नव्हे. ज्या इंजिनाला ९१ पुरतं त्यात १०० ओतलं तर बहुतेक वेळा फक्त खिसा हलका होतो. बूस्टरच्या बाटलीवर घोडे आणि ज्वाळा छापणाऱ्यांनी ही साधी गोष्ट कधी सांगितली नाही.

१९१६ साली थॉमस मिजली या तरुण इंजिनिअरला चार्ल्स केटरिंग या संशोधकाने नॉकिंगवर इलाज शोधण्याच्या कामाला लावलं, कारण नॉकिंगचा दोष केटरिंगच्याच बॅटरी-इग्निशनवर ढकलला जात होता. पेट्रोलला लाल रंग दिला तर ते उष्णता जास्त शोषेल, या अगदी चुकीच्या कल्पनेने मिजलीने त्यात आयोडीन टाकलं आणि नॉकिंग थांबलं! रंगाचा काहीही संबंध नव्हता. मग पाच वर्षं दिसेल ते टाकून पाहणं झालं: अ‍ॅनिलीन झालं, सेलेनियम झालं, टेल्युरियम झालं. टेल्युरियमचा वास माणसाच्या अंगातून जाता जात नाही. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड सापडलं. गॅलनभर पेट्रोलला तीन घनसेंटीमीटर पुरे.

अल्कोहोलने नॉकिंग थांबतं हे केटरिंगच्या मंडळींना ठाऊक होतं. पण अल्कोहोल टाकीच्या दहा-वीस टक्के लागतं आणि त्याचं पेटंट घेता येत नाही. शिसं थेंबभर लागतं आणि त्याचं पेटंट मिळतं. निवड कशी झाली हे कळायला यापेक्षा जास्त खोलात जायची गरज नाही.

किंमत मोजली ती मिसळणाऱ्यांनी. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीत बेवे इथल्या स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात टेट्राएथिल लेड बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. आणखी कित्येक रुग्णालयात गेले. ३० ऑक्टोबरला मिजलीने पत्रकारांसमोर तो द्रव हातांवर ओतून घेतला आणि हुंगून दाखवला. त्याच्या आदल्याच वर्षी तो स्वतः शिशाच्या विषबाधेमुळे काम सोडून फ्लोरिडात विश्रांतीला गेला होता, हे त्याने त्या दिवशी सांगितलं नाही. १९२५ मध्ये विक्री थांबली, १९२६ मध्ये मर्यादा घालून पुन्हा सुरू झाली आणि मिसळण्याचं काम पंपावरून रिफायनरीत गेलं. नंतरची पन्नासेक वर्षं सामान्य वाहनचालकाला त्याचा विसरच पडला.

इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो त्याच सुमारास कॉम्प्रेशन हवं तसं बदलता येईल असं इंजिन बनवून एकेक इंधन तपासत होता. त्याच्या तपासणीत टोल्युईन इतकं सरस ठरलं की इंधनं मोजायला त्याने टोल्युईनचीच फूटपट्टी केली. आजची ऑक्टेनची फूटपट्टी ग्रॅहम एडगरची, १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धातली: आयसो-ऑक्टेन म्हणजे १००, नॉर्मल हेप्टेन म्हणजे शून्य.

टोल्युईन आणि हेप्टेनचा सगळ्यात देखणा खेळ १९८८ साली फॉर्म्युला वनमध्ये झाला. होंडाच्या दीड लिटरच्या टर्बो इंजिनावर मॅक्लारेनने, म्हणजे सेना आणि प्रोस्टने, सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. नियमाप्रमाणे इंधनाचा ऑक्टेन १०२ च्या वर नको होता. होंडाने ८४ टक्के टोल्युईन घेतलं आणि उरलेले १६ टक्के नॉर्मल हेप्टेन, म्हणजे तो शून्य ऑक्टेनवाला द्रव! भराव घालून आकडा नियमात बसवला. पण टोल्युईन उकळतं ११० अंशांवर, त्यामुळे त्याची नीट वाफ होत नाही. म्हणून इंधन आधी तापवून सिलिंडरकडे पाठवावं लागे. घरी टोल्युईन मिसळणारे ‘फॉर्म्युला वनमध्ये हेच वापरायचे’ असं अभिमानाने सांगतात, तेव्हा हा तापवण्याचा भाग नेमका गळतो. टोल्युईन जास्त झालं की थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं, ते यामुळेच.

घरगुती मिश्रणाची लाट आली ती अमेरिकेत, सत्तरच्या दशकात. साठच्या दशकातल्या दणकट गाड्यांचं कॉम्प्रेशन दहा-अकराच्या घरात होतं आणि सनोकोसारख्या कंपन्या पंपावर शंभराच्या वरचा ऑक्टेन देत. १९७१ पासून जनरल मोटर्सने कॉम्प्रेशन उतरवलं, शिसं टप्प्याटप्प्याने कमी होत गेलं आणि १ जानेवारी १९९६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी त्यावर बंदीच आली. जुन्या गाड्या मात्र तशाच. त्यांच्या मालकांनी रंगाच्या दुकानातून टोल्युईन आणि झायलीन आणलं. काहींनी विमानाचं पेट्रोल आणलं. विमानाच्या त्या पेट्रोलमध्ये शिसं असतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याने कायमचा निकामी होतो. आयत्या बाटल्याही आल्या. त्यांच्यावर ‘पाच पॉइंट’ असं लिहिलेलं असे. तो पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा हिस्सा. म्हणजे ९१ चे ९६ नव्हे, साडेएक्क्याण्णव. मँगेनीज असलेल्या बाटल्यांनी प्लगवर तांबूस थर बसे तो वेगळाच.

आपल्याकडे गोष्ट उलटी चालली होती. इथे बराच काळ ८७ आणि ९३ अशी दोन प्रतींची पेट्रोलं मिळत आणि त्यात भेसळ होई ती ऑक्टेन खाली आणणाऱ्या रॉकेलची. रॉकेलच्या पेट्रोलने स्कूटरचं इंजिन ठोके देऊ लागलं की कुणीतरी टाकीत डांबराच्या गोळ्या टाकायला सांगे. नॅफ्थलिनने ऑक्टेनला थोडा हात लागत असेलही, पण ते गारठ्यात पुन्हा स्फटिक होऊन कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसतं. आणि हल्लीच्या गोळ्या पुष्कळदा नॅफ्थलिनच्या नसून क्लोरीनयुक्त रसायनाच्या असतात, ती जळून आम्ल तयार होतं. त्या रॉकेलमागचा धंदा किती भयंकर होता हे २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ कळलं. भेसळ पकडायला गेलेले अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तिथे जिवंत जाळण्यात आलं.

पेट्रोलमधलं शिसं आपल्याकडून १ फेब्रुवारी २००० रोजी गेलं. जगात शेवटी अल्जीरियात, २०२१ साली.

आता घरगुती मिश्रणाच्या गणिताकडे येऊ, कारण विचारणारे नेहमी तेच विचारतात. चाळीस लिटरची टाकी, त्यात ९१ ऑक्टेनचं ३६ लिटर पेट्रोल आणि सुमारे १२० ऑक्टेनचं ४ लिटर टोल्युईन. सरासरी काढली तर जेमतेम ९४ येते. प्रत्यक्षात मिश्रण सरळ सरासरीने वागतंच असं नाही. तीन अंकांसाठी चार लिटर टोल्युईन! तेही शुद्ध मिळालं तर. रंगाच्या दुकानातला थिनर म्हणजे टोल्युईन नव्हे. त्यात एस्टर, किटोन, कधी मेथॅनॉलही असतं, आणि ते टाकीतल्या रबराला आणि पंपाला काय करेल याची हमी कुणी देत नाही. दुकानातलं स्पिरिट तर मुळीच नको. त्यातल्या पाण्यामुळे पेट्रोल आणि स्पिरिटचे थर वेगळे होतात.

कॅनमधून ओतण्याचा प्रसंग त्याहून वाईट. टोल्युईनची वाफ चार अंश सेल्सियसलाही पेट घेऊ शकते, म्हणजे महाराष्ट्रात बाराही महिने. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते आणि कोपऱ्यातल्या फ्रिजच्या स्विचपर्यंत पोचते. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये ओतताना स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. बंद गॅरेजमध्ये डोकं गरगरायला लागतं आणि नाक सरावलं की वास कळेनासा होतो. साधे हातमोजे टोल्युईनपुढे फार टिकत नाहीत. म्हणून कुणी ठरवलंच असेल तर उघड्यावर, धातूच्या डब्यातून, इंजिन गार असताना, डबा जमिनीवर ठेवून आणि जवळ अग्निशामक असतानाच. माझं मत विचाराल तर ठरवूच नये.

कारण १ डिसेंबर २०२० पासून इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचं पेट्रोल पंपावर आणलं. सुरुवातीच्या शहरांत मुंबई आणि पुणे होती; तेव्हा भाव लिटरला १६० रुपये होता. महाग खरं, पण ती ९४ गाठायला टाकीत तेरा-चौदा लिटर हे आणि बाकी ९१चं पेट्रोल एवढंच लागतं. मिसळतं टाकीतच, पंपाच्या नळीतून. हात कोरडे राहतात.

दरम्यान इंजिनंही शहाणी झाली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला साबने टर्बो गाड्यांत असा बंदोबस्त केला की ब्लॉकवरचा सेन्सर ठोका ऐकेल आणि बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, आपसूक कमी होईल. आजच्या बहुतेक गाड्यांत नॉक सेन्सर असतो आणि तो टायमिंग मागे घेतो. तिकडे केटरिंगने बाजूला ठेवलेलं अल्कोहोल आपल्या साखर कारखान्यांतून टाकीत परत आलं: २००३ साली पाच टक्क्यांनी सुरुवात झाली आणि २०२३ पासून टप्प्याटप्प्याने वीस टक्के. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश. नॉकिंग कमी, मायलेजही कमी.

प्रश्न उरतो तो फक्त मॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली सेटिंग, बदललेल्या टर्बो गाड्यांचा. ट्यूनरने १०० ऑक्टेनवर बूस्ट आणि टायमिंग बसवून दिलेलं असतं, आणि मालक घाटात, एखाद्या छोट्या गावच्या पंपावर, मिळेल ते पेट्रोल भरतो. त्या वेळी सेन्सर सावरून घेईल, पण किती वेळ आणि किती बूस्टपर्यंत, हे त्या मॅपवर ठरतं. असे ट्यूनर शहाणे असतील तर साध्या पेट्रोलचा दुसरा मॅपही देतात. डिकीत टोल्युईनचा कॅन ठेवण्यापेक्षा तो मागून घ्यावा.