पाटीवरचे शब्द – लेखांक ११ : ‘सावजी’ लिहायचं की नाही?

ट्रेडमार्कचा अर्ज कसा भरायचा ते आज सांगणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण मधे पवनीहून एक फोन आला आणि चार दिवस डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही.

फोन करणारा मुलगा पंचविशीतला. नागपुरात हॉटेलांमध्ये काम करून गावी परतलाय, रस्त्याला लागून गाळा घेतलाय आणि मटणाची खानावळ काढतोय. भांडी आली, भट्टी बसली, नावापाशी गाडी अडली. मला म्हणाला, “काका, सावजी नाही लिवलं त लोक येतीन का जी?”

हा प्रश्न पवनीतून यावा, याचं मला फार अप्रूप वाटलं. सावजी हे मुळात रश्श्याचं नाव नाहीच. ती माणसाला मानाने मारायची हाक. हलबा कोष्टी समाजात कर्त्या पुरुषाला सावजी म्हणत. हा विणकरांचा समाज आणि पवनी तर हातमागाचंच गाव. नागपुरातल्या कोष्टी वस्त्यांमध्ये घरगुती खानावळी सुरू झाल्या, लोक ‘चल, सावजीकडे जेवू’ म्हणायला लागले आणि हाक होती तिची चव झाली. आज पुण्या-मुंबईतल्या पाट्यांवर हा शब्द दिसतो. तिथे जेवणाऱ्या कितीजणांना मागाचा खटखटाट ठाऊक असेल?

तेव्हा शब्द सोडू नकोस, हे मी त्याला आधी सांगितलं. सावजी वाचलं की गिऱ्हाइकाला पातेल्यात काय आहे ते कळतं : सुक्या खोबऱ्याचा, खसखशीचा, काळपट मसाल्याचा रस्सा आणि वर लाल तर्री. पण पातेलं कोणाचं, हे तो शब्द सांगत नाही. तो सगळ्यांचा आहे, म्हणून तुझा एकट्याचा होणार नाही. नोंदणी करायला गेलास तरी मालाचं वर्णन करणारा, धंद्यात सर्रास चालणारा शब्द एकट्याच्या नावावर सहसा चढत नाही.

इथे माझी एक जुनी चूक सांगतो. फ्लेक्स यायच्या आधी मी हाताने पाट्या रंगवत असे. खडूच्या भुकटीत दोरा बुडवायचा, दोन टोकांना ताणून धरायचा, मधे टिचकी मारायची, की पत्र्यावर शिरोरेघ उमटते. एका गावात दोन भाऊ वेगळे झाले आणि दोघांच्या पाट्या माझ्याकडेच आल्या. दोन्हीवर मी ‘सावजी भोजनालय’ चांगलं दीड फूट उंचीचं लिहिलं आणि मालकाचं नाव खाली कोपऱ्यात, वीतभर जागेत कोंबलं. रस्त्यावरून दोन्ही पाट्या एकच दिसायच्या. एकाचं सिलिंडर दुसऱ्याकडे, एकाची ऑर्डर दुसऱ्याकडे. आधीच दुखावलेले भाऊ त्यावरून आणखी भांडले. अक्षरं देखणी होती, पण क्रम चुकला होता आणि तो मी चुकवला होता. तेव्हापासून माझं ठाम मत आहे : आपला शब्द आधी आणि मोठा, धंद्याचा शब्द नंतर आणि लहान.

पवनीकरांना तर हा क्रम कोणी शिकवायला नको. १९६९-७० साली जगन्नाथ टेकडीवर नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केलं, त्यात मोठा स्तूप सापडला. त्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीतले छोटे छोटे लेख आहेत. आधी देणाऱ्याचं नाव, मग ‘दान’. एका खांबावर नागाचं शिल्प आहे आणि त्याला नावाची चक्क पाटी कोरली आहे. पाली ग्रंथांत हा नाग मुचलिंद. पवनीच्या दगडावर मात्र ‘ल’च्या जागी ‘र’ आहे.

त्या ‘र’वरून आठवलं. मुलगा फोनवर ‘खानावर’ म्हणत होता. पवनीकडच्या झाडीबोलीत ‘ळ’ नाही. डोळ्याचा डोरा होतो. मग पाटीवर ‘खानावळ’ का लिहायचं? विदर्भात ‘भोजनालय’ हा शब्द रुळलेला आहे, तो घे. गिऱ्हाइकाच्या जिभेवर जे सहज बसतं, तेच तो दुसऱ्याला सांगतो. पुण्याकडची पाटी पाहून इथली पाटी करू नये.

आता आपला शब्द कोणता? त्याने चार पाठवले होते. ‘वैनगंगा’ : नदीकाठच्या गावात हे नाव दुकानापासून पतसंस्थेपर्यंत कोणीही घेतं. ‘स्वाद’ : प्रत्येक खानावळीला लागू, म्हणून कोणाचंच नाही. ‘पवनी’ : गावात राहून गावाचं नाव लावल्याने गावकऱ्याला काय कळणार? चौथं नाव छत्रपती शिवाजी महाराजांचं. भावना समजते, पण बोधचिन्हं आणि नावांचा गैरवापर रोखणाऱ्या १९५०च्या कायद्याच्या यादीत महाराजांचं नाव आहे. केंद्र सरकारच्या परवानगीवाचून ते धंद्याला लावता येत नाही.

नाव काळाशी कसं बोलतं, याचा नागपूरचाच दाखला मला फार आवडतो. जमशेटजी टाटांच्या नागपुरातल्या गिरणीच्या कंपनीचं नाव लांबलचक होतं, सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग. गिरणी सुरू झाली १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, म्हणून ती एम्प्रेस मिल. कंपनीचं लांब नाव कागदावर राहिलं, लोकांच्या तोंडी एम्प्रेसच बसलं. आणि त्याच माणसाने १८८६ साली मुंबईत कुर्ल्याची गिरणी घेतली तेव्हा नाव ठेवलं स्वदेशी. नऊ वर्षांत सम्राज्ञीपासून स्वदेशीपर्यंत! या दोन नावांवर मी एक अख्खा लेखांक लिहीन, पण आज नको.

तर ती चारही नावं बाजूला ठेवून मुलाला मी विचारलं, घरात जुनं काय आहे? म्हणाला, “आजोबाचा धोटा हाये जी, भितीले टांगून.” धोटा म्हणजे मागावर बाणा घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना निमुळता. मी म्हटलं, मग शोधतोस काय?

त्याला पटेना. मटणाचा आणि धोट्याचा काय संबंध? संबंध नाही, हेच तर त्याचं बळ. मालाचं वर्णन न करणारा शब्द नोंदणीत सर्वांत भक्कम ठरतो. दोन अक्षरं आहेत, त्यात ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही, आजीपासून ट्रकवाल्यापर्यंत कोणाचीही जीभ अडणार नाही. ‘धोटा’ आणि त्याखाली ‘सावजी भोजनालय’ : पहिल्या शब्दात त्याचं घर आलं, दुसऱ्यात त्याचा समाज, तिसऱ्यात धंदा. दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत हव्यात हा कायद्याचा दंडकही आपोआप पाळला गेला.

आईला विचारतो म्हणाला. काल पुन्हा फोन आला. आईचं म्हणणं, नाव चांगलं आहे, पण धोटा भिंतीवरून काढून दुकानात न्यायचा नाही, तो घरातच राहील. पाटी दहा फुटी आहे. ‘धोटा’साठी मी दोन फूट उंची धरायला सांगितली आहे आणि ‘सावजी भोजनालय’ला नऊ इंच.