संरक्षक संवेदक

संरक्षक संवेदक : वास्तूतील तापमान, आर्द्रता, धूर, पाणी, वायू, कंपने, हालचाल इ. बाबतींत होणारा बदल ओळखून त्याचे विद्युत् संकेतात रूपांतर करणारे आणि त्यायोगे मालमत्तेस संभवणाऱ्या हानीची वेळीच सूचना देणारे साधन. अशा साधनांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. उष्णता, ओल, धूर यांसारख्या सभोवतालच्या स्थितीवर लक्ष ठेवणाऱ्यांना परिस्थितिदर्शक संवेदक, तर माणसाच्या अनधिकृत प्रवेशाची जाणीव करून देणाऱ्यांना सुरक्षा संवेदक म्हणतात. बँका, ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये, कारखाने, शीतगृहे इ. ठिकाणी त्यांचा उपयोग होतो. परंतु ज्या वास्तूत हजारो संगणक अहोरात्र चालू असतात त्या विदा केंद्रात, म्हणजेच रूढ भाषेत डेटा सेंटरमध्ये, त्यांचे महत्त्व विशेष आहे. तेथे नष्ट होऊ शकणारी माहिती यंत्रसामग्रीपेक्षा अधिक मोलाची असते व ती पुन्हा विकत घेता येत नाही.

इतिहास : अमेरिकेतील सॉमरव्हिल (मॅसॅचूसेट्स) येथील ऑगस्टस रसेल पोप यांनी १८५३ मध्ये विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचे एकस्व मिळविले. दार अथवा खिडकी उघडताच विद्युत् मंडल पूर्ण होऊन विद्युत् चुंबकाच्या योगाने घंटा वाजावी, अशी तिची रचना होती. पुढे १८५७ मध्ये एडविन होम्स यांनी तिचे हक्क विकत घेऊन तिचा व्यापारी प्रसार केला. एडिसन यांचे सहकारी फ्रान्सिस रॉबिन्स अप्टन यांनी १८९० मध्ये आगीची सूचना देणाऱ्या विद्युत् यंत्रणेचे एकस्व घेतले.

धूर ओळखणाऱ्या संवेदकाचा शोध काहीसा योगायोगाने लागला. १९३० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंडमधील व्हाल्टर येगर हे विषारी वायू ओळखणारे उपकरण करण्याच्या प्रयत्नात होते. वायूचा परिणाम त्यावर दिसेना. परंतु त्यांनी सिगारेट पेटविताच उपकरणातील प्रवाह बदलला. याच तत्त्वावर पुढे आयनीकरण धूरसंवेदक तयार झाले. दार उघडल्याची खूण देण्यासाठी आजही सर्वत्र वापरली जाणारी, चुंबकाने चालणारी काचबंद पत्तीची कळ अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९३६ साली वॉल्टर एलवुड यांनी शोधून काढली. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन यांनी बंद मंडल दूरचित्रवाणीवर आधारित गृहसुरक्षा यंत्रणेसाठी १९६६ मध्ये अर्ज करून १९६९ मध्ये एकस्व मिळविले.

तापमान व आर्द्रता : संगणकाला पुरविलेली जवळजवळ सर्व विद्युत् ऊर्जा अखेर उष्णतेत रूपांतरित होते. त्यामुळे वातानुकूलन बंद पडल्यास दाट मांडणीच्या दालनातील तापमान काही मिनिटांतच धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते. अमेरिकन सोसायटी ऑफ हीटिंग, रेफ्रिजरेटिंग अँड एअर-कंडिशनिंग एंजिनिअर्स या संस्थेच्या शिफारशीनुसार यंत्रात शिरणाऱ्या हवेचे तापमान १८° ते २७° से. यांदरम्यान असावे. येथे महत्त्व आहे ते शिरणाऱ्या हवेला. दालनाच्या सरासरी तापमानाला नव्हे. गरम हवा वर चढून पुन्हा यंत्राच्या तोंडाशी येत असल्याने माथ्याकडील यंत्रे तळाकडील यंत्रांपेक्षा अधिक तापतात. म्हणून प्रत्येक मांडणीच्या पुढील बाजूस तळाशी, मध्यभागी व माथ्याजवळ असे तीन संवेदक बसविणे इष्ट ठरते. यासाठी थर्मिस्टर, प्लॅटिनमचा विद्युत् रोध असलेले तापमापक किंवा अर्धसंवाहक संवेदक वापरतात. लांबलचक केबलमार्गांसाठी प्रकाशीय तंतू उपयोगी पडतो. त्यातून सोडलेल्या प्रकाशस्पंदाचे जे प्रकीर्णन होते, त्यातील रामन परिणामाने बदललेल्या तरंगलांबीच्या घटकांची तीव्रता मोजून तंतूच्या कोणत्या ठिकाणी किती तापमान आहे ते कळते [⟶ रामन परिणाम].

आर्द्रता फार कमी झाल्यास स्थिर विद्युत् साठून तिच्या विसर्जनाने सूक्ष्म मंडले निकामी होतात. फार वाढल्यास दव धरण्याचा व धातू गंजण्याचा धोका असतो. आर्द्रतासंवेदकात बहुधा बहुवारिकाचा पातळ थर असतो. तो बाष्प शोषून घेतो तशी त्याची विद्युत् धारणा बदलते. गंधकयुक्त वायूंमुळे होणारे क्षरण ओळखण्यासाठी तांब्याच्या व चांदीच्या पट्ट्या दालनात टांगून ठेवतात. एका महिन्यात तांब्यावर ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा किंवा चांदीवर २०० अँगस्ट्रॉमपेक्षा जाड थर साचल्यास हवा यंत्रांना अपायकारक मानतात.

धूर, वायू व पाणी : आयनीकरण धूरसंवेदकात अमेरिसियम (२४१) या किरणोत्सर्गी समस्थानिकाच्या अत्यल्प अंशातून निघणाऱ्या आल्फा कणांमुळे हवेचे आयनीकरण होऊन क्षीण प्रवाह वाहतो. धुराचे कण आयनांना चिकटले की प्रवाह घटतो व इशारा मिळतो. भडकलेल्या आगीच्या सूक्ष्म कणांना हा संवेदक लवकर प्रतिसाद देतो. प्रकाशविद्युत् संवेदकात प्रकाशझोत आणि ग्राहक घट समोरासमोर नसतात. धुराने प्रकीर्णन झालेला प्रकाशच घटावर पडतो. धुमसणाऱ्या आगीच्या बाबतीत हा अधिक उपयुक्त होय.

विदा केंद्रात वातानुकूलनाच्या जोरदार प्रवाहामुळे धूर विरळ होऊन छतावरील संवेदकापर्यंत उशिरा पोहोचतो. ही अडचण शोषक संवेदकाने दूर होते. छिद्रे पाडलेल्या नळ्यांमधून दालनातील हवा पंख्याने सतत ओढून घेऊन तिची लेसर प्रकाशात तपासणी केली जाते. डोळ्यांना धूर दिसण्यापूर्वीच, केबलचे वेष्टन तापू लागताच, त्याची सूचना मिळते. या पद्धतीचा विकास ऑस्ट्रेलियात १९७० नंतरच्या दशकात झाला.

अखंड वीजपुरवठ्यासाठी ठेवलेल्या शिसे-अम्ल घटमाला भारित होताना हायड्रोजन सोडतात. हवेत त्याचे प्रमाण सु. ४ टक्के झाल्यास मिश्रण ज्वालाग्राही बनते. म्हणून त्याहून बरीच कमी पातळी गाठताच इशारा देणारे संवेदक त्या खोलीत लावतात. लिथियम-आयन घट बिघडल्यास त्याची उष्णता आपोआप वाढत जाऊन शेजारचे घटही पेटतात. मात्र पेट घेण्याआधी घटातून विद्युत् विच्छेद्याची वाफ व इतर वायू बाहेर पडतात. ते ओळखता आले, तर पुरवठा तोडण्यास थोडा अवधी मिळतो.

पाण्याची गळती ओळखण्यासाठी उचललेल्या फरशीखाली दोन उघड्या संवाहक तारा असलेली दोरीसारखी केबल पसरतात. ती भिजताच तारांमधून प्रवाह वाहतो आणि रोधाच्या मापनावरून गळतीचे स्थानही कळते.

सुरक्षा संवेदक : मानवी शरीरातून बाहेर पडणाऱ्या अवरक्त प्रारणाची तीव्रता ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते. निष्क्रिय अवरक्त संवेदकात दोन संवेदी घटक विरुद्ध दिशांनी जोडलेले असतात. दालनाचे तापमान सावकाश वाढल्यास दोहोंचे परिणाम परस्परांना रद्द करतात. माणूस चालत गेल्यास मात्र ते एकामागून एक उत्तेजित होऊन संकेत मिळतो. सूक्ष्मतरंग संवेदक डॉप्लर परिणामावर चालतो. खोटे इशारे टाळण्यासाठी पुष्कळदा या दोन्ही पद्धती एकाच उपकरणात योजून दोघांची साक्ष पटली तरच इशारा दिला जातो. याशिवाय काच फुटल्याचा आवाज ओळखणारे, भिंत फोडताना होणारी कंपने टिपणारे आणि कुंपणावर चढणाऱ्याची खूण देणारे संवेदकही प्रचारात आहेत.

संकेतांचे वहन : संवेदकाचे मौन दोन प्रकारचे असू शकते : धोका नसल्याचे व संवेदकच मेल्याचे. हे दोन्ही वेगळे ओळखता येणे हा या तंत्रातील कळीचा मुद्दा होय. म्हणून अनेक मापन मंडलांत शून्याऐवजी ४ मिलिअँपिअर प्रवाह हे किमान मूल्य आणि २० मिलिअँपिअर हे कमाल मूल्य मानतात; प्रवाह शून्यावर आला, तर तार तुटली असे समजते. चोरघंटेच्या मंडलातही अखेरच्या टोकास ठराविक रोधक जोडतात. त्यामुळे तार कापली किंवा तिची दोन टोके एकत्र जोडली, तरी प्रवाहातील फरकावरून लबाडी उघड होते. इशाऱ्याच्या सीमा ठरविताना निव्वळ मूल्याबरोबर बदलाचा वेगही विचारात घेतात. पाच मिनिटांत पाच अंश चढलेले तापमान सीमेच्या आत असले, तरी ते चिंतेचे कारण ठरते.

अग्निशमनाशी संबंध : पूर्वी संगणक दालनांत हॅलॉन १३०१ हा वायू वापरीत, परंतु ओझोन थरास तो घातक असल्याने माँट्रिऑल करारान्वये विकसित देशांतील त्याचे उत्पादन १९९३ अखेर थांबविण्यात आले. त्याऐवजी नायट्रोजन, आर्गॉन इ. अक्रिय वायू वापरतात. एकाच संवेदकाच्या चुकीने वायू सुटू नये म्हणून दोन स्वतंत्र संवेदकांचा दुजोरा आवश्यक मानतात. वायूचे विसर्जनही निर्धोक नसते. १० सप्टेंबर २०१६ रोजी बूखारेस्ट येथील एका बँकेच्या विदा केंद्रात अग्निशमन यंत्रणेच्या चाचणीत वायू सुटताना झालेल्या प्रचंड आवाजाने चुंबकीय तबकड्या निकामी झाल्या आणि बँकेचे व्यवहार कित्येक तास ठप्प झाले.

मर्यादा : संवेदक सूचना देतो, संरक्षण त्यापुढील कृतीने होते. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्ग (फ्रान्स) येथील ओव्हीएच कंपनीचे पाच मजली विदा केंद्र जळून नष्ट झाले. तेथे आगीची सूचना मिळाली होती. परंतु आग आपोआप विझविणारी यंत्रणा नव्हती. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये तापमान प्रथमच ४०° से. च्या वर गेले, तेव्हा लंडनमधील काही विदा केंद्रांची शीतन यंत्रणा अपुरी पडून यंत्रे बंद करावी लागली. येथे मापनात उणीव नव्हती. उणीव होती ती उष्णता बाहेर टाकण्याच्या क्षमतेत. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील डेजॉन येथील शासकीय विदा केंद्रात लिथियम-आयन घटमालेला आग लागली. सहाशेंहून अधिक शासकीय सेवा बंद पडल्या आणि शासकीय कर्मचाऱ्यांच्या कामाच्या साठ्यापैकी ८५८ टेराबाइट माहिती, तिची अन्यत्र प्रत नसल्यामुळे, नष्ट झाली. दूरच्या ठिकाणी ठेवलेल्या प्रतीला संवेदक हा पर्याय नव्हे, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

वारंवार येणारे खोटे इशारे ही दुसरी मर्यादा होय. रोज वाजणाऱ्या घंटेकडे पहारेकरी दुर्लक्ष करू लागतो आणि अखेर ती बंदच करून ठेवतो. त्यामुळे धूळ झाडणे, अंशशोधन व नियतकालिक चाचणी यांना संवेदकाच्या किंमतीइतकेच महत्त्व द्यावे लागते. जाळ्याला जोडलेला संवेदक स्वतःच चोरवाट ठरू शकतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक आज्ञावलीने, कारखान्यात दिलेला परवलीचा शब्द न बदललेले असंख्य कॅमेरे व मुद्रण उपकरणे ताब्यात घेऊन त्यांचा इंटरनेटवरील हल्ल्यांसाठी वापर केला. शिवाय कॅमेरे व बोटांचे ठसे घेणारी साधने चोराबरोबर कर्मचाऱ्यांवरही नजर ठेवतात. त्यामुळे जमा झालेल्या माहितीचा वापर मर्यादित ठेवणे हाही संरक्षणाचाच भाग ठरतो. भारतात याविषयी डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला आहे.

महाराष्ट्र : समुद्राखालील केबलची मुंबईतील टोके आणि तेथील वित्तीय व्यवहार यांमुळे मुंबई व नवी मुंबई परिसर हे भारतातील विदा केंद्रांचे सर्वांत मोठे क्षेत्र बनले आहे. येथील दमट व खारी हवा आणि अतिवृष्टी यांमुळे आर्द्रता, क्षरण व पाणी यांच्या संवेदकांना अग्निसंवेदकांइतकेच महत्त्व येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिमी. पाऊस झाला होता. अशा ठिकाणी जनित्रे, इंधनाचे पंप व विजेची नियंत्रण फलके तळघरात ठेवणे धोक्याचे ठरते. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या इमारतीस लागलेल्या आगीत पाच जण मृत्युमुखी पडले व अनेक विभागांची कागदपत्रे जळाली. माहिती कागदावर असो वा चुंबकीय तबकडीवर, तिचे रक्षण करण्यासाठी वेळीच मिळालेली सूचना, तीवर तत्काळ होणारी कृती आणि अन्यत्र ठेवलेली प्रत ही तिन्ही सारखीच आवश्यक असतात.